दोन नकार, एक होकार

श्रावणात वारुळावर अळंबी उगवली की माझी आई ती बुडासकट उपटून पाहायची. देठ खाली वारुळात लांब, निमुळता गेलेला असला तरच टोपलीत. जराही शंका आली तर फेकून. तिचा हा रिवाज मला वाचनाच्या नादात आठवला, तो १७६७ सालच्या पॅरिसमुळे.

योहान शोबर्ट हा तिथला नावाजलेला हार्प्सिकॉर्डवादक. त्याच वर्षी ११ वर्षांच्या मोझार्टने आपल्या एका कॉन्चेर्तोत त्याच्या सोनाटाचा भाग वापरला होता. ऑगस्टमध्ये शोबर्टने घरच्या माणसांसह नि मित्रांसह रानातली अळंबी गोळा केली आणि ल प्रे-सें-जेर्व्हे इथल्या आचाऱ्याला शिजवायला दिली. विषारी आहे म्हणून त्याने ती नाकारली. ब्वा द बुलोन्यच्या खाणावळीतही नकारच मिळाला. पण ओळखीचा एक डॉक्टर म्हणाला, खुशाल खा. मग घरी रस्सा झाला. शोबर्ट, त्याची पत्नी, एक मूल, मोलकरीण आणि मित्र दगावले.

खुणा कुणाला ठाऊकच नव्हत्या का? पॅरिस परिसरातील वनस्पतींवरच्या सेबास्तियाँ व्हायाँच्या ग्रंथात १७२७ सालीच एका हिरवट टोपीच्या अळंबीचे वर्णन आले होते. तीच आजची अ‍ॅमानिटा फॅलॉइडिस, म्हणजे डेथ कॅप. टोपीखालच्या पात्या पांढऱ्या, देठावर कडे आणि बुडाशी पिशवीसारखी वाटी. वाटी मातीत दडलेली असते. देठ वरून कापणाऱ्याला ती दिसतच नाही. युरोपातल्या कुरणातील खाण्याच्या अळंबीला वाटी नसते, पात्याही आधी गुलाबी, मग तपकिरी होतात. आपल्याकडच्या भातपेंढ्यावरच्या अळंबीला वाटी असते. पण कडे नसते आणि पिकल्यावर पात्या गुलाबी होतात. टोपी रात्रभर कागदावर ठेवली तर डेथ कॅपच्या बीजाणूंचा ठसा पांढरा उमटतो. कोवळ्या कळीत मात्र यातले काहीच धड दिसत नाही.

विषारी रश्श्यात चांदीचे नाणे काळे पडते, ही युरोपातली जुनी समजूत खोटी आहे. डेथ कॅपचे विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब बहुधा ६ ते २४ तासांनी सुरू होतात. मग उतार पडल्यासारखे वाटते, आणि तेव्हाच यकृत निकामी होत असते.

पॅरिसमध्ये ज्ञान होते. ते ग्रंथात होते तसे आचाऱ्याच्या हातातही होते. पण आचाऱ्यांच्या दोन नकारांपेक्षा डॉक्टरच्या एका होकाराचे वजन जास्त ठरले. आमच्या घरी अळंबीच्या बाबतीत आईचा नकार शेवटचा असे. तो वडिलांनीही कधी मोडला नाही.