फुटलेली टाकी आणि मागे पडलेला डाख : ट्रकच्या रेडिएटरची गोष्ट

घाट चढून आलेला ट्रक रस्त्याच्या कडेला उभा आहे. पुढून वाफ निघते आहे. चालक खाली उतरतो, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावत नाही. गरम झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते, हे त्याला ठाऊक आहे. गाडी निवल्यावर दिसते ते एवढेच : वरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीला, इंजिनाचे गरम पाणी जिथून आत येते त्या तोंडापाशी, केसाएवढी चीर.

मित्रहो, आजचा धागा या चिरेविषयी.

२९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल बेंझ यांनी तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. इंजिनाभोवतीचे पाणी उकळे, वाफ होऊन उडून जाई. १८८८ साली बर्था बेंझ मुलांना घेऊन मान्हाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या, तेव्हा वाटेत मिळेल तिथे पाणी भरत जावे लागले.

योगायोग असा की १८८६ याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी, परस्परांशी काही संबंध नसताना, विजेच्या साहाय्याने अॅल्युमिनियम स्वस्तात मिळवण्याची रीत शोधली. या धातूकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

पाण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला विल्हेल्म मायबाख यांनी. १९००च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी त्यांनी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला. त्यात ६ मिलिमीटर चौरस छेदाच्या ८,०७० नळ्या होत्या. नळ्यांतून वारा वाहे आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी फिरे. आठ हजार नळ्या जोडायच्या म्हणजे डाख देण्याचे काम किती चिकाटीचे असेल, याची कल्पना करून पाहा. मला तर या गाडीच्या शर्यतींतल्या विजयांपेक्षा या कामाचेच अप्रूप अधिक वाटते.

पुढे नळ्यांची रचना बदलली, पण धातू तेच राहिले : तांब्याचे पातळ पंखे, पितळी नळ्या, वर-खाली पितळी टाक्या आणि सांधायला शिसे-कथलाचा डाख. तांबे-पितळ वितळण्याच्या कितीतरी आधी डाख वितळतो; म्हणून जे जोडले ते उकलता येई आणि पुन्हा जोडता येई.

१९५४ साली जमशेदपूरला डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने टाटांचे ट्रक तयार होऊ लागले. त्या पिढीतल्या ट्रकांची टाकी फुटली, तर नवी आणण्याचा विचार सहसा कोणी करत नसे. कारागीर रेडिएटर उतरवी, तोंडे बंद करून आत हवा भरी, तो हौदात बुडवी आणि बुडबुडे येतील तिथे खूण करी. मग जागा घासून, आम्लाने स्वच्छ करून डाख. पुण्याच्या तांबट आळीतल्या माणसाला यात परके असे फारसे काही वाटले नसते; कल्हईचे कथील आणि नवसागर त्याच्या रोजच्या ओळखीचे.

मात्र या जुन्या विद्येची आठवण काढून नुसते हळहळू नये. डाखात शिसे होते. त्याची वाफ आणि धूळ कारागिराच्या छातीत जाई. १९८०च्या दशकात अमेरिकेत रेडिएटर दुरुस्त करणाऱ्यांच्या तपासण्या झाल्या, तेव्हा अनेकांच्या रक्तात शिशाचे धोकादायक प्रमाण आढळले. तिथे ते मोजले तरी गेले. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या टपरीत कोण मोजणार?

बदल घडला तो मात्र कारागिराच्या काळजीपोटी नव्हे. १९७३च्या तेलसंकटानंतर गाडीचे वजन घटवणे निकडीचे झाले. तांब्याची घनता ८.९६, अॅल्युमिनियमची २.७. उष्णता वाहून नेण्यात तांबे सरस, पण वजन आणि किंमत यांत अॅल्युमिनियमने बाजी मारली. आधी मोटारींत आणि पुढे ट्रकांतही अॅल्युमिनियमचा गाभा आणि प्लास्टिकची टाकी ही जोडी रूढ झाली.

हे प्लास्टिक म्हणजे बहुधा नायलॉन ६६. वॉलेस कॅरोथर्स यांच्या ड्यूपाँटमधील प्रयोगशाळेत १९३५ साली ते प्रथम तयार झाले आणि आधी दात घासण्याच्या ब्रशात व स्त्रियांच्या मोज्यांत गाजले. टाकीसाठी त्यात वजनाच्या सुमारे ३० टक्के काचतंतू मिसळतात. तरी गरम पाणी आणि ग्लायकॉल वर्षानुवर्षे त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहतात. त्यात रोजचे तापणे-निवणे, आणि झाकणाने आत धरून ठेवलेला साधारण अर्धा ते एक बार दाब. प्लास्टिक ठिसूळ होते आणि सर्वांत तापणाऱ्या जागी तडकते.

प्लास्टिकला डाख लागत नाही. तापलेल्या लोखंडाने चीर वितळवून त्यात तारेची जाळी दाबतात, वरून इपॉक्सी लावतात. गॅरेजपर्यंत पोहोचायला एवढे पुरते. मालाने भरलेला ट्रक घेऊन पुन्हा घाटात जाण्याइतका भरवसा त्यावर ठेवू नये, असे माझे मत.

टाकी बदलता मात्र येते, आणि हे पुष्कळांना माहीत नसते. अॅल्युमिनियमच्या पट्टीचे दात टाकीच्या काठावर दुमडलेले असतात, मध्ये रबरी गॅस्केट. दात एकेक करून, लागेल तेवढेच उचलायचे. अॅल्युमिनियम वारंवार वाकवणे सोसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी दात तुटूनच हातात येतो. खोबण स्वच्छ करायची, नवे गॅस्केट बसवायचे, नवी टाकी चहूबाजूंनी सारखी दाबून धरायची आणि दात परत दुमडायचे. गाभाच गंजला असेल, म्हणजे कूलंटऐवजी वर्षभर नुसते विहिरीचे पाणी घातले असेल, तर हा खटाटोप व्यर्थ; पूर्ण रेडिएटर बदलावा.

टाकी बसली की तोंडे बंद करायची, आत हवा भरायची आणि रेडिएटर हौदात सोडून बुडबुडे येतात का ते पाहत बसायचे.