गोवारी हत्याकांड : नागपूर, २३ नोव्हेंबर १९९४

आपल्या पवनी-भंडारा भागात पिढ्यान्‌पिढ्या गावची गुरं राखणारा समाज म्हणजे गोवारी. अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला हजारो गोवारी नागपूर अधिवेशनावर मोर्चा घेऊन गेले. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर पोलिसांनी अडवलं. संध्याकाळी लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, बायका-लेकरंच जास्त. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला, पण दाणी आयोगाने कुणालाच दोषी धरलं नाही. १९९५ मध्ये समाजाला विशेष मागास प्रवर्गात घेतलं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जमातीचा हक्क मान्य केला; १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. दरवर्षी २३ नोव्हेंबरला झिरो माईलजवळच्या स्मारकावर लोक जमतात. इन्साफाची मागणी तीच आहे.