विजयदुर्गाच्या खाडीत काय जळलं?

शिडाच्या जहाजाची सगळी मदार वाऱ्यावर. त्याच्या बहुतेक तोफा दोन्ही बाजूंना. मागची बाजू दुबळी. आंग्र्यांनी हेच हेरलं होतं. वारा पडला की इंग्रजांचं जहाज जागीच खिळायचं. मग वल्ही मारत गलबतं निघायची, गुराबांना ओढून त्याच्या पाठीशी आणायची आणि शिडांवर मारा सुरू व्हायचा.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गला हे कौशल्य निरुपयोगी ठरलं. तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आश्रयाला दाटीने नांगरलेलं होतं. अॅडमिरल वॉटसनच्या माऱ्यात एक जहाज पेटलं, आग पसरली आणि जवळजवळ सगळं आरमार जळालं. जमिनीवर पेशव्यांची फौज होती, तीही इंग्रजांची दोस्त म्हणून.

आता आपण कारणाकडे वळू. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, ही नानासाहेबांची तक्रार खरीच होती. पण माणसाला वठणीवर आणणं वेगळं आणि त्याच्या हातातलं साधन परक्याकडून नष्ट होऊ देणं वेगळं. आमच्या मते पुण्यात हा भेद केला गेला नाही. पुढे धुळपांनी विजयदुर्गावरून पेशव्यांचं आरमार चालवलं, पराक्रमही केला. तरी कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना आंग्र्यांइतका धाक पुन्हा कुणाचा वाटला नाही.