बुडालेलं गाव कोणत्या मतदारसंघात?

एक साधा प्रश्न घेऊन सुरुवात करूया. गोसीखुर्द कोणत्या लोकसभा मतदारसंघात येतं?

तुम्ही फोन काढाल, शोधाल आणि सांगाल : भंडारा-गोंदिया. उत्तर बरोबर आहे. पवनी तालुका भंडारा विधानसभा मतदारसंघात आहे आणि भंडारा विधानसभा भंडारा-गोंदिया लोकसभेत आहे. परीक्षेत पूर्ण मार्क मिळतील.

संशोधनात मात्र या उत्तरावर थांबलात तर फसाल. 'गोसीखुर्द' हे गावाचं नाव आहे, धरणाचं आहे, जलाशयाचं आहे आणि तिथून निघणाऱ्या कालव्यांच्या प्रकल्पाचंही आहे. या प्रत्येकाचा नकाशा वेगळा आहे. 'मतदारसंघ स्थानिक समाजाचं प्रतिनिधित्व करतो' हे वाक्य आपण नागरिकशास्त्रात पाठ केलेलं असतं. ते इथे नेमकं कुठे अडतं, ते आज बघूया. संशोधन प्रस्ताव लिहिताना 'मतदारसंघ' हे एकक घेणाऱ्यांनी तर हे आधीच बघितलेलं बरं.

आधी प्रकल्प समजून घ्या

वैनगंगेवरचा हा प्रकल्प कागदोपत्री 'इंदिरासागर' आहे, पण लोक गोसीखुर्दच म्हणतात. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. मूळ मंजूर खर्च होता साधारण ३७२ कोटी रुपये. पुढे तो कित्येक हजार कोटींवर गेला आणि २००९ मध्ये केंद्राने याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला. धरणाला ३३ दरवाजे आहेत. सिंचनाचं उद्दिष्ट सुमारे अडीच लाख हेक्टर, आणि ते भंडारा, नागपूर, चंद्रपूर अशा तीन जिल्ह्यांत विभागलेलं.

आता या तीन जिल्ह्यांवर आजचा लोकसभेचा नकाशा ठेवा.

भिंत आणि बुडिताचा एक भाग पवनी-भंडारा बाजूला, म्हणजे भंडारा-गोंदिया मतदारसंघात. बुडिताचा दुसरा मोठा भाग नागपूर जिल्ह्यातल्या कुही आणि भिवापूर तालुक्यांत. हे तालुके उमरेड विधानसभेत आणि उमरेड रामटेक लोकसभेत. लाभक्षेत्राचा मोठा हिस्सा चंद्रपूर जिल्ह्याच्या ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली या भागात. हे तालुके ब्रह्मपुरी आणि चिमूर विधानसभांमधून गडचिरोली-चिमूर लोकसभेत जातात.

म्हणजे पाणी एक, प्रकल्प एक, खासदार तीन. ज्याचं शेत बुडालं आणि ज्याच्या शेतात पाणी येणार, ते बऱ्याचदा एकाच उमेदवाराला मत देत नाहीत. एकाच उमेदवाराला दोघांनाही उत्तर द्यावं लागलं असतं, तर त्याला दोघांची मागणी एका जाहीरनाम्यात बसवावी लागली असती. आज ती गरजच पडत नाही.

२०१८ चं उदाहरण घ्या. नाना पटोले यांनी डिसेंबर २०१७ मध्ये खासदारकीचा राजीनामा दिला आणि २८ मे २०१८ ला भंडारा-गोंदियात पोटनिवडणूक झाली. पवनीत सभा, आश्वासनं, गाड्यांचे भोंगे. त्याच जलाशयाच्या काठावरच्या कुही तालुक्यात मात्र मतदानच नव्हतं, कारण तो भाग रामटेकचा.

ही रेघ आखली कशी?

यात कोणाचं कारस्थान शोधायला जाऊ नका. आधी गणित करा.

महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागा, विधानसभेच्या २८८. भागाकार बरोबर ६. एका लोकसभेत सहा अख्ख्या विधानसभा बसवायच्या. आता भंडारा जिल्ह्यात विधानसभेच्या जागा तीन : तुमसर, भंडारा, साकोली. गोंदिया जिल्ह्यात चार : अर्जुनी-मोरगाव, तिरोडा, गोंदिया, आमगाव. बेरीज सात. सहा बसल्या, एक उरली. ती उरलेली आमगाव थेट गडचिरोली-चिमूरला जोडली गेली. त्यामुळे उत्तरेच्या टोकाला आमगाव आणि दक्षिणेच्या टोकाला सिरोंचा, असा एकच मतदारसंघ तयार झाला. या दोन टोकांच्या गावांमध्ये रोजचा काय व्यवहार आहे, हे तुम्हीच नकाशा उघडून ठरवा.

हा नकाशा २००८ मध्ये लागू झाला. परिसीमन कायदा २००२ चा, आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंह, आधार २००१ ची जनगणना. कायद्यातला निकष असा की मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या सलग असावा. नैसर्गिक वैशिष्ट्यं, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय लक्षात घ्यावी. कागदावर नदीला जागा आहे, पण एक अडथळा म्हणून. नदीच्या दोन्ही काठांचं नशीब एकत्र बांधणारा प्रकल्प हा निकष त्यात नाही. शिवाय आयोगाच्या अंतिम आदेशाला न्यायालयात आव्हान देता येत नाही, ही राज्यघटनेच्या कलम ३२९ मधली तरतूद.

याच फेरीत पवनी परिसरातला जुना अड्याळ विधानसभा मतदारसंघ संपला. लाखांदूर संपला. चिमूर हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघही संपला. तुम्ही १९९९ किंवा २००४ चे निकाल २००९ च्या निकालांशेजारी ठेवून 'इथल्या मतदाराचा कल बदलला' असं लिहिणार असाल, तर थांबा. मतदार बदलला की मतदारसंघ, हे आधी तपासा.

१९५४ : एक मतदार, दोन मतं

भंडाऱ्याच्या इतिहासातली सर्वात जास्त सांगितली जाणारी निवडणूक म्हणजे मे १९५४ ची पोटनिवडणूक. डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथून उभे राहिले आणि पराभूत झाले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. तेव्हा भंडारा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता.

या निकालावर अनेक जण पटकन लिहून मोकळे होतात : 'अमुक समाजाने असं मत दिलं, तमुक समाजाने तसं.' पण भंडारा तेव्हा द्विसदस्यीय मतदारसंघ होता. एकाच भूभागातून दोन खासदार, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं, आणि दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. काही मतदार दोन्ही मतं वापरत, काही एकच. म्हणजे मतांची बेरीज ही माणसांची बेरीज नव्हतीच. कोणाचं दुसरं मत कुठे गेलं, हे मतपेटीतून कळायला मार्ग नाही.

संख्याशास्त्रात याला इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात. सोप्या भाषेत : गटाची सरासरी बघून गटातल्या माणसाबद्दल बोलण्याची चूक. मी विज्ञान शाखेतून आलो, त्यामुळे ही संज्ञा पाठ होती. पण तिचा अर्थ खऱ्या अर्थाने कळला तो १९५४ च्या आकड्यांसमोर बसल्यावर.

राखीव जागेच्या उमेदवाराला संपूर्ण मतदारसंघ मत देतो. म्हणजे ज्या समाजासाठी जागा राखीव, तो समाज एकटा आपला प्रतिनिधी ठरवत नाही. १९३२ च्या पुणे करारापासूनचा हा जुना वाद आहे, आणि भंडाऱ्यात तो खुद्द बाबासाहेबांच्या पराभवातून दिसला. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघ रद्द झाले. त्यानंतर राखीव जागा म्हणजे राखीव भूभाग, अशी आजची रचना रुळली.

आज भंडारा आणि उमरेड या दोन्ही विधानसभा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत, रामटेक लोकसभाही. म्हणजे जलाशयाच्या दोन्ही अंगांना राखीव जागा आहेत. पण बुडितातला माणूस कुणबी आहे, बौद्ध आहे, नदीवर मासेमारी करून जगणारा ढीवर आहे. 'प्रकल्पग्रस्त' हा या सगळ्यांना आडवा छेद देणारा समूह आहे. त्याच्यासाठी मतदारयादीत रकाना नाही.

जर्मनीत काय करतात?

तुलना नेहमी डोळे उघडते, म्हणून थोडं बाहेर जाऊया. जर्मनीच्या संसदेसाठी, म्हणजे बुंडेस्टागसाठी, २९९ मतदारसंघ आहेत आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. थांबा, हे आपल्या १९५४ सारखं नाही. पहिलं मत मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाच्या यादीला. कोणत्या पक्षाला किती जागा, हे दुसऱ्या मतावर ठरतं.

तिथेही सीमा आखताना गावं आणि जिल्हे शक्यतो तोडू नयेत असा नियम आहे. सरासरी लोकसंख्येपासून १५ टक्क्यांहून जास्त फरक नसावा. २५ टक्क्यांच्या वर गेला तर सीमा बदलावीच लागते. आणि हे काम सतत चालू असतं. आपल्याकडे राज्यांमधलं जागांचं वाटप १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून १९७१ च्या जनगणनेवर गोठलेलं आहे. पुढे ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली गेली.

पण जर्मनीलाही हा प्रश्न सुटलेला नाही. २०२३ च्या सुधारणेने संसदेची संख्या ६३० वर बांधली. त्यामुळे मतदारसंघात पहिला आलेला उमेदवारसुद्धा, त्याच्या पक्षाच्या दुसऱ्या मतांचं पाठबळ पुरलं नाही तर, संसदेत जात नाही. २०२५ च्या निवडणुकीत असे २३ विजेते बाहेर राहिले. 'आमच्या भागाचा माणूस' आणि 'आमच्या विचाराचा पक्ष' या दोन गोष्टी एका नकाशावर बसत नाहीत, हे तिथेही दिसलं. आपण फक्त पहिल्या गोष्टीवर विसंबतो. म्हणून आपल्याकडे रेघ कुठून जाते याला जास्त किंमत आहे.

मत राहत्या घराबरोबर जातं

आता मुळावर येऊया. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तुम्ही जिथे सर्वसाधारणपणे राहता, तिथे तुमचं नाव मतदारयादीत लागतं. नुसतं घर किंवा जमीन मालकीची असून चालत नाही, आणि दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. नियम रास्तच आहे.

पण धरणात गाव गेलेल्या माणसाला तो लावून बघा. शेत पाण्याखाली, गावठाण पाण्याखाली. कोणी पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात गेला, कोणी मोबदला घेऊन भंडाऱ्याला, कोणी मजुरीसाठी नागपूरला. प्रत्येकाचं मत त्याच्या नव्या पत्त्याबरोबर गेलं. भांडण मात्र जुन्या पत्त्याचं आहे : मोबदला, नागरी सुविधा, नोकरीचा दाखला. काल ज्या गावाची अख्खी मतं एका बूथवर पडत होती, ती आज चार ठिकाणी विखुरली. उमेदवाराच्या हिशेबात गाव म्हणून त्यांचं वजन उरलं नाही.

याच्या उलट पुनर्वसन कायद्याचा विचार बघा. महाराष्ट्राच्या प्रकल्पग्रस्त पुनर्वसन कायद्यांत (१९८६ आणि १९९९) 'बाधित क्षेत्र' आणि 'लाभक्षेत्र' हे दोन शब्द जोडीने येतात. ज्याला पाणी मिळणार, त्याने ज्याचं बुडालं त्याच्यासाठी जमीन सोडावी, असं त्यामागचं तत्त्व. पुनर्वसन कायदा या दोघांना एका नात्यात बांधतो, निवडणुकीचा नकाशा त्यांना वेगळं करतो.

आणि काळाचा हिशेब? आजच्या मतदारसंघांचा पाया २००१ ची जनगणना. धरणात टप्प्याटप्प्याने पाणी साठत गेलं, त्यातली बरीच गावं त्यानंतर उठली. म्हणजे ज्या लोकसंख्येवर आजची रेघ उभी आहे, त्यात आता पाण्याखाली असलेली गावं मोजलेली आहेत.

तरीही लोक गप्प बसले नाहीत. मोर्चे निघाले, नदीपात्रात उतरून आंदोलनं झाली. २०१३ मध्ये राज्य सरकारने गोसीखुर्दच्या प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज जाहीर केलं. त्यामागे मतपेटीपेक्षा रस्त्यावरच्या रेट्याचा हात जास्त होता, असं माझं मत आहे. प्रतिनिधित्व मोजायचं असेल तर निकालपत्रकाबरोबर आंदोलनांच्या बातम्या, निवेदनं आणि शासन निर्णयही वाचावे लागतात, ते यासाठी.

तुमच्या प्रस्तावासाठी चार गोष्टी

एक, मतदारसंघाचं नाव लिहिलंत की वर्षही लिहा. २००४ चा भंडारा आणि २००९ चा भंडारा-गोंदिया हे वेगळे भूभाग आहेत.

दोन, मतदारसंघाच्या आकड्यांवरून जातीच्या किंवा गावाच्या वागण्याबद्दल बोलू नका. निदान बूथपर्यंत खाली उतरा, आणि जमलं तर माणसांशी बोला.

तीन, प्रश्नाचा नकाशा आधी काढा, निवडणुकीचा नंतर. नदी, कालवा, जंगल, बाजार यांतलं जे तुमच्या प्रश्नाला लागू असेल ते. मग दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवा. ते जुळत नाहीत तिथेच बहुतेक वेळा तुमचा प्रबंध असतो.

चार, उठलेल्या गावांच्या जुन्या मतदारयाद्या मिळतील तिथून मिळवा आणि जपून ठेवा. त्या गावात कोण राहत होतं याचा तो एक सरकारी पुरावा आहे.

पुढची जनगणना होईल, पुन्हा परिसीमन होईल, पुन्हा भागाकार मांडला जाईल. आयोगाने मसुदा प्रसिद्ध केला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात, जाहीर बैठका होतात. 'हे तालुके एका धरणाने बांधलेले आहेत, त्यांचा एकत्र विचार करा' असं तिथे कोणीतरी नकाशा ठेवून सांगायला हवं. ते ऐकलं जाईल याची खात्री नाही. पण तो नकाशा तयार करणं हे आपलं, संशोधकांचं काम आहे, आणि ते मसुदा येण्याआधी झालेलं असायला हवं.