हिमनदीचा पाय पाण्यात असेपर्यंत

1794 मध्ये जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतले खलाशी आग्नेय अलास्काच्या किनाऱ्याचा नकाशा काढत होते. आज जिथे ग्लेशियर बे आहे, तिथे त्यांना जेमतेम 8 किलोमीटर आत शिरलेली खाच दिसली. तिच्यामागे बर्फाची भिंत. 1879 मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर तिथे पोहोचला तोवर ही भिंत 50 किलोमीटरांहून अधिक मागे हटली होती, 1916 पर्यंत जवळपास 100. त्याआधीचा इतिहास हूना त्लिंगित लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे: पुढे सरकणाऱ्या हिमनदीने त्यांची वस्ती गिळली आणि त्यांना खाडी सोडावी लागली. त्यांच्या भाषेत या खाडीच्या नावाचा अर्थच मुळी ‘हिमनदीच्या जागी आलेली खाडी’ असा होतो.

या खाडीकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, बर्फ वितळले तर बिघडले कुठे? उलट समुद्र श्रीमंतच झाला. त्यात तथ्य आहे. एकेकाळी बर्फाखाली असलेल्या वुल्फ पॉइंट ओढ्यात जीवन कसे रुजत गेले, याच्या नोंदी 1970च्या दशकाच्या अखेरीपासून ठेवल्या गेल्या आहेत: आधी पाणकिडे, मग मासे, पुढे हजारोंनी येणारा गुलाबी सॅमन. मोकळ्या झालेल्या पाण्यात आज उन्हाळ्यात कुबड देवमासे चरतात. पण हा हिशेब अर्धाच आहे, कारण हिमनदी समुद्राला काय देते हे ती किती वितळते यापेक्षा तिचा पाय कुठे टेकला आहे यावर ठरते. टोक समुद्रात बुडालेले असेल, तर वितळलेले गोडे पाणी तळाशी बाहेर पडते, हलके असल्याने वर उसळते आणि जाताना खोलवरचे पोषकद्रव्यांनी भरलेले खारे पाणी सोबत ओढून नेते. त्यावर वनस्पती-प्लवक वाढतात, त्यांवर बाकीची साखळी. तीच हिमनदी जमिनीवर सरकली, की हा उपसा थांबतो. उरते ती पृष्ठभागावर पसरणारी गढूळ नदी. तिचा गाळ उजेड अडवतो आणि तिचे हलके पाणी झाकणासारखे वर बसून खालचे पोषण खालीच ठेवते. ग्रीनलंडमधल्या दोन प्रकारच्या फियॉर्डांची तुलना करणाऱ्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाच फरक दिसला: समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्यांचे फियॉर्ड कितीतरी अधिक उत्पादक होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ग्लेशियर बेमधली माघार कारखान्यांच्या धुराने हवामान तापण्याआधीच सुरू झालेली, मग ती आजच्या तापमानवाढीचा पुरावा कशी? नाहीच. लघुहिमयुग सरत होते, आणि उथळ आधार सुटून खोल पाण्यात आलेली हिमनदी स्वतःच्याच रचनेमुळे झपाट्याने तुटते. या खाडीचा दाखला मी कारणासाठी देत नाही, परिणामांच्या क्रमासाठी देतो, आणि त्या क्रमात नवे आले म्हणून जुने टिकतेच असे नाही. म्यूरच्या नावाची हिमनदी 1990च्या दशकात समुद्रापासून सुटली. तिच्यापासून हिमनग तुटून पाण्यात पडणे थांबले. सॅमनला ओढा लागतो, पण इथल्या बऱ्याच सील माद्यांना पिले घालायला तरंगता बर्फ लागतो. 1992 ते 2002 या काळात खाडीतले सील निम्म्याहून अधिक घटले. त्याचा सगळा दोष बर्फावर टाकता येत नाही. पण उरलेल्यांचा मोठा कळप आजही जॉन्स हॉपकिन्स हिमनदीच्या पायाशी जमतो, आणि पिलांच्या हंगामात, मे आणि जूनमध्ये, खाडीच्या त्या फाट्यात बोटींना शिरू दिले जात नाही.