पावसाने आखलेले स्थलांतर

भातकापणी उरकत आली की मालवण-देवबागच्या पुळणीवर कुरव उतरू लागतात. रापण ओढली जात असताना जाळ्याच्या घेराभोवती त्यांचा गलका चालतो. खाडीच्या चिखलात तुतवार आणि चिखले चरू लागतात, परसात धोबी शेपटी हलवत फिरतो. युरोपातला रॉबिन थंडीच्या तोंडावर उत्तरेकडचे प्रदेश सोडून दक्षिणेकडे सरकतो, आणि त्याच्याच कुळातला हिमालयातला निळा रॉबिन दक्षिण सह्याद्रीच्या दाट रानात हिवाळा काढतो. अशा उदाहरणांमुळे स्थलांतर म्हणजे थंडी चुकवण्यासाठी केलेला प्रवास, ही समजूत आपल्या मनात पक्की बसली आहे. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापुरती ती अपुरी आहे. इथल्या पाखरांचे वर्ष थंडीइतकेच पावसानेही आखलेले आहे. ही गोष्ट आपल्या ध्यानात उशिरा आली याचे कारण पाखरांपेक्षा माणसांच्या इतिहासात सापडते: या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची लेखी नोंद करणारे बहुतेक सगळे पावसाळा सोडून हिंडले.

यात त्यांचा दोष नव्हता. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की कोकणचा समुद्र बंद होतो. मुंबईहून मालवण-वेंगुर्ल्याकडे येणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात थांबत, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवल्या जात, आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहिल्यावरच दर्याचा हंगाम पुन्हा सुरू होई. आजही यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. जमिनीवर वेगळी स्थिती नव्हती. ब्रिटिश अमदानीतले मुलकी अधिकारी पाऊस ओसरला की जिल्ह्यात मुक्काम करत फिरत आणि पावसाळा मुख्य ठाण्यावर काढत. पक्षी टिपणारे बरेचसे लोक हेच अधिकारी होते. रत्नागिरी जिल्ह्यात कामावर असलेल्या जी. डब्ल्यू. विडाल यांनी १८८०मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी छापली. तेव्हा आजचा सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा नव्हता, तो १९८१मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला. विडालांची यादी आजही मोलाची आहे, पण अशी यादी ज्या दिनक्रमातून तयार होई, त्यात सरकारी दौऱ्याचा हंगाम ठळक आणि पावसाचे महिने पुसट राहणे अटळ होते.

सगळ्यात बोलका पुरावा वेंगुर्ले-निवतीसमोरच्या समुद्रातल्या खडकांचा आहे. नकाशात हा समूह वेंगुर्ला रॉक्स किंवा बर्न्ट आयलंड्स म्हणून येतो. पुढे १८८५मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे त्या काळातले भारतातले सर्वात मोठे पक्षिसंग्राहक होते, आणि ‘स्ट्रे फेदर्स’ त्यांनीच काढले होते. १८७५च्या सुरुवातीला सागरी सर्वेक्षणाच्या जहाजातून ते लक्षद्वीपच्या सफरीवर गेले. सफरीचा सरकारी हेतू दीपगृहांसाठी जागा पाहण्याचा होता. त्याच सफरीत ते या खडकांवर उतरले, आणि तिथे त्यांना सुरयांचे वाळून कोळ झालेले देह सापडले. जिवंत वसाहत मात्र नव्हती, कारण खुल्या समुद्रातले सुरय तिथे वीण घालतात ती उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यात. म्हणजे या बेटांवरच्या सर्वात मोठ्या मेळाव्याची पहिली लेखी साक्ष मेलेल्या पक्ष्यांनी दिली, कारण जिवंत पक्षी असतात त्यातल्या बहुतेक काळात तिथे जहाज लागत नाही. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला हुमायुन अब्दुलअली यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात वेंगुर्ल्याच्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहिले. ह्यूम यांच्यापासून तिथवर यायला सहा दशकांहून अधिक काळ गेला.

पावसाबरोबर हलणारे पक्षी केवळ समुद्रावरच आहेत असे नाही. नवरंग हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो, मे महिन्याच्या सुमारास उत्तरेकडे सरकतो आणि पावसाळ्यात कोकणातल्या झाडीत घरटे करतो. आफ्रिकेतून येणारा चातक मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे पोहोचतो. या दोघांना थंडी पळवत नाही, पावसाने वाढणारे किडे, अळ्या आणि हिरवळ त्यांना ओढून आणते. नवरंग, चातक आणि सुरय एकत्र ठेवून पाहिले म्हणजे या किनाऱ्यावर दोन स्थलांतरे दिसतात. एक ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत उत्तरेकडून येते आणि इथे फक्त चरते. दुसरे पावसाच्या तोंडावर येते आणि त्याची पिल्ले इथे वाढतात. पहिल्याची दाद आपण भरपूर घेतली, दुसऱ्याची नोंद तुटक राहिली.

यावर पहिला आक्षेप असा की, साहेबांना ठाऊक नसले तरी इथल्या गाबित मच्छीमारांना हे सारे माहीत होते. आक्षेप रास्त आहे. पाण्यावर झेपा घालणाऱ्या पाखरांचा थवा दिसला की खाली मासळीचा कळप आहे, हे ओळखूनच किनाऱ्यावरच्या पिढ्यांनी जाळी टाकली. पावसाळी वादळात थकून पुळणीवर येऊन पडणारे दूर समुद्रातले पक्षी पहिल्यांदा दिसले तेही त्यांनाच. मात्र हे ज्ञानही बंद समुद्राच्या अलीकडचे होते, आणि ते कागदावर उतरले नाही. तोंडी ज्ञान जाळ्याला उपयोगी पडले, कायद्याला आणि शास्त्राला पुरावा म्हणून पुरले नाही. म्हणून हा आक्षेप मूळ मुद्दा खोडत नाही. कोणाला विचारायचे राहून गेले, एवढे तो नेमके दाखवतो.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. हिवाळी पक्ष्यांच्या जाती खरोखरच अधिक आहेत, मग त्यांच्याकडे अधिक लक्ष जाणे स्वाभाविक नाही का? जातींची संख्या मान्य केली तरी लक्ष कुठे जाते हे संख्येपेक्षा आधी ठरलेल्या चौकटीवर अवलंबून असते. फ्रँकफर्टच्या वोल्फगांग विल्चको यांनी १९६०च्या दशकात पक्षी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रावरून दिशा ओळखतात हे दाखवले ते युरोपीय रॉबिनवरच. स्थलांतराच्या शास्त्राची बरीच मांडणी अशी थंड मुलखातल्या पक्ष्यांवर उभी राहिली. भारतातही तसेच झाले. १९५७मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना नवा ताप येऊ लागला. त्याचा विषाणू रशियातल्या विषाणूंशी मिळताजुळता निघाल्याने सायबेरियाकडून येणारे हिवाळी पक्षी तो गोचिडांतून आणत असावेत, असा संशय आला. त्यातूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालिम अली आणि सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. त्या कामाने भारतीय पक्षिशास्त्र समृद्ध केले, पण संशय सिद्ध झाला नाही. रोगाचे चक्र इथल्याच रानातल्या माकडांत आणि गोचिडांत फिरत होते. तोच माकडताप २०१६मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आला. लांबून येणाऱ्याकडे पाहताना जवळचे सुटू शकते, याचा हा धडा आहे.

तिसरा प्रश्न व्यवहाराचा आहे: इतिहासातली ही पोकळी आज भरून काढून मिळणार काय? याचे उत्तर पाकोळीच्या कहाणीत आहे. वेंगुर्ल्याच्या खडकांतल्या गुहांमध्ये राहणारी ही पाकोळी लाळेपासून घरटे बांधते, आणि चिनी सूपसाठी त्या घरट्यांचा व्यापार जुना आहे. चोर बेटावर जाई तो उघड्या समुद्राच्या महिन्यांत, पाऊस सुरू होण्याआधी. २००१च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ही चोरी उघडकीस आणली आणि त्यानंतर घरट्यांच्या रक्षणाचे काम उभे राहिले. पुढे या पक्ष्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. पाकोळीला संरक्षण मिळाले, कारण तिची वीण माणसे पाहू शकतील अशा दिवसांत होते आणि कोणीतरी जाऊन पाहिले, मोजले, लिहिले. सुरयांना आजवर जे संरक्षण मिळाले ते बहुतांशी खवळलेल्या समुद्राने दिले. पण सुरय वेंगुर्ल्याच्या खडकांकडे परतू लागतात तेव्हा पर्यटनाचा उन्हाळी हंगाम भरात असतो, आणि १९८७मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात हे खडक येत नाहीत. वेगवान होड्या वाढत असताना केवळ वाऱ्यावर विसंबून चालणार नाही.

म्हणून या किनाऱ्याच्या पक्षी-इतिहासाला पावसाळ्याची बाजू जोडणे हे हौसेचे काम मानू नये. वादळानंतर पुळणीवर सापडणाऱ्या पक्ष्यांची तारखेनिशी नोंद ठेवणे, जुन्या तांडेलांच्या आठवणी ते हयात असताना लिहून घेणे, आणि एप्रिल-मेपासून पाऊस सरेपर्यंत त्या खडकांवर उतरण्यास बंदी घालणे, ही तीन कामे आजच्या साधनांत शक्य आहेत. हिवाळ्यात येणाऱ्या कुरवाला आपण चरायला पुळण देतो. सुरय आणि नवरंग आपल्या पुढच्या पिढीसाठी याच मुलखावर विसंबतात. जे पक्षी इथे जन्मतात त्यांच्याबाबतची जबाबदारी दुसऱ्या कुठल्या देशावर ढकलता येत नाही, ती सिंधुदुर्गचीच आहे.