संथ चालीचा इतिहास

मोटारसायकल पळते कशी, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मूठ सोडून दिल्यावर ती उभ्या जागी न थांबता, न धावता, शांतपणे धुगधुगत राहते कशी, हे सांगणारे मला एकच गृहस्थ भेटले. ते माझे काका. आंजर्ल्याला आमच्या पडवीत त्यांची १९६८ सालची बुलेट उभी आहे. काकांना आता नव्वदावे लागले आहे. ते माजघरात खाटेवर पडून असतात, आणि मधल्या कुडातून तिचा आवाज ऐकून तिच्या पोटात काय दुखते ते सांगतात.

या धुगधुगीला गॅरेजवाले 'स्लो' म्हणतात. शहरातल्या माणसाला तिचे महत्त्व सिग्नलवर कळते. काकांना ते खाडीवर कळले. हर्णैकडून आंजर्ल्याला यायचे तर पूर्वी जोग नदीची खाडी होडीने ओलांडावी लागे. काकांचा सुपारीचा व्यापार. दापोलीच्या फेऱ्या ठरलेल्या. दोन फळ्या टाकून गाडी होडीत चढवायची, तत्पूर्वी पेट्रोलची चावी बंद करायची, कारण होडी कलली की फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल बाहेर सांडते. पलीकडे उतरल्यावर चावी उघडून दहा अंक मोजायचे आणि मग किक. ओल्या वाळूत एका पायावर तोल सांभाळत असताना गाडी स्लोला थांबली नाही तर माणूस आणि गाडी दोघेही आडवे. म्हणून काकांचा सारा जीव त्या संथ चालीत गुंतलेला.

या चालीमागची विद्या तशी जुनी आहे. पेट्रोलची वाफ करून ती हवेत मिसळायची, हे काम आरंभीच्या इंजिनांत भिजलेली वात किंवा पेट्रोलचा उघडा पृष्ठभाग करी. १८९३ साली हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीत मायबाखने, बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा ओढणारे यंत्र सिद्ध केले. इंग्लंडात १९२७ साली तीन कार्बुरेटरवाल्यांनी एकत्र येऊन 'अमाल' हे नाव घेतले. रेडिचची बुलेट १९५५ पासून मद्रासेत बनू लागली, आणि इंग्रज कारखाना मिटल्यावरही ती इकडे बनतच राहिली. आमच्या गाडीवर आहे तो अमालचा 'मोनोब्लॉक'.

मूठ पिळलेली असते तेव्हा नळीतला सरकता पडदा वर उचललेला असतो आणि हवा मोकळी वाहते. मूठ सोडली की पडदा जवळजवळ मिटतो. मग इंजिन आपला श्वास एका सुईएवढ्या छिद्रातून घेते. त्या छिद्राला पेट्रोल पुरवते पायलट जेट आणि हवा पुरवतो बाजूचा एक लहानसा स्क्रू. स्क्रू आत घेतला की हवा कमी, मिश्रण दाट. बाहेर काढला की मिश्रण पातळ. दुसरा स्क्रू पडद्याला खालून टेकू देतो. म्हणजे ३४६ सी. सी. चे ते अवजड धूड उभे असते तेव्हा केसाएवढ्या वाटेवर जगत असते. तिथे कणभर घाण पुरे.

काकांनी ही गाडी १९७१ साली जुनी घेतली. दोन उन्हाळे ऐकून ऐकून त्यांनी हवेच्या स्क्रूची जागा मुक्रर केली, आणि कानशीने स्क्रूच्या डोक्यावर एक रेघ व शेजारी अंगावर एक रेघ पाडली. दोन्ही रेघा समोरासमोर, म्हणजे गाडी ठीक. दापोलीच्या कुठल्याही मिस्त्रीला त्या स्क्रूला हात लावण्याची परवानगी नव्हती. "स्क्रू काय आपण होऊन फिरतो?" ते विचारीत. "जे फिरलंय ते शोधा." १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळण्याचे प्रकार बोकाळले, तेव्हा काकांनी टाकी धुतली, प्लग खरवडला, पण रेघ हलवली नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्याची झळ लागलीच तर झडपांना, स्लोला नव्हे. रेघ जागच्या जागी.

पुढे काका थकले, गाडी पडवीत विसावली. १ एप्रिल २०२० ला देशात प्रदूषणाचे नवे मानक लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींवरून कार्बुरेटर जवळजवळ हद्दपारच झाला. दोनच महिन्यांनी, ३ जूनला, निसर्ग वादळ आले. आंजर्ल्याच्या वाड्यांतल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. आमच्या पडवीची कौले उडाली, आणि छप्पर शाकारेपर्यंत गाडी पावसात भिजली.

गेल्या मे महिन्यात मी गावी गेलो तो तिला चालू करण्याच्या निश्चयाने. चुलतभावाने ती विकायचे मनात घेतले होते. बंद गाडीला भंगाराचा भाव येतो आणि चालत्या गाडीला गाडीचा. काकांनी यावर एक अक्षर काढले नाही. फक्त म्हणाले, "स्लोला धरली पाहिजे."

कार्बुरेटर उघडला तर आत पांढरी पूड होती आणि पितळेवर हिरवा कळंक. अमालचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे. खारी हवा आणि पाणी यांनी ते असे फुलते. खालचे टोपण काढून जेट काढले. मी तार शोधू लागलो तशी आतून हाक आली, "तार नको, भोक मोठं होईल. तंगूस घे." हर्णैहून मासेमारीचा अगदी बारीक तंगूस आणवला, त्याने जेट साफ केले, हवा फुंकली. ताजे पेट्रोल भरले. पाचव्या किकेला गाडी बोलली. पण मूठ सोडली की कधी आपोआप रेस वाढे, कधी दम तोडून बंद पडे.

"कुठून तरी चोरून श्वास घेतेय," काका म्हणाले. इंजिन चालू असताना कार्बुरेटरच्या जोडावर तेलाचे चार थेंब सोडले, तोच आवाज बदलला. जागा सापडली. वर्षानुवर्षे कुणी ना कुणी नट जोराने आवळल्याने जोडाची पट्टी धनुष्यासारखी वाकली होती. काचेवर पॉलिश पेपर ठेवून दुपारभर ती घासली, नवे गॅस्केट बसवले. भटकणारी रेस गेली. राहिले ते दम तोडणे. मधूनच कार्बुरेटरातून उलटी फटफट येई. दोन्ही रेघा समोरासमोर होत्या, आणि तरीही मिश्रण पातळ जळत होते.

तेव्हा मी बाटलीत शंभर मिलिलिटर पेट्रोल आणि वीस मिलिलिटर पाणी घेऊन हलवले व ठेवून दिले. खालचा थर वीसचा जवळजवळ चाळीस झाला. पेट्रोलमधले मद्यार्क पाण्यात उतरले होते. महाराष्ट्रात हा प्रयोग २००१ साली मिरज आणि मनमाडला सुरू झाला. जून २०२२ मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला. आता वीस टक्के. परकीय तेलावरचा खर्च वाचतो, ऊसवाल्याला भाव मिळतो, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. देशावरचा ऊस एवढा घाट उतरून कोकणात आला याची गंमतच वाटते. पण मद्यार्क स्वतःबरोबर प्राणवायू आणते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. म्हणजे त्याच जेटातून, त्याच रेघेवर, गाडी उपाशी राहणार. शिवाय मद्यार्क दमट हवेतले पाणी ओढते, आणि आंजर्ल्याला ते हवे तितके आहे.

स्क्रू आपण होऊन फिरला नव्हता. पेट्रोल फिरले होते.

हे काकांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. पन्नासाहून अधिक वर्षे त्या रेघेला कुणी शिवले नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी तापवली, टेकूचा स्क्रू किंचित चढवला आणि हवेचा स्क्रू हळूहळू आत घेत गेलो. पाव आट्याला फटफट कमी झाली. अर्ध्या आट्याला आवाज भरला, एकसारखा झाला. मग टेकू उतरवत उतरवत चाल संथ केली. झिजलेल्या पडद्यामुळे ती पूर्वीइतकी नितळ नाही. आठदहा ठोक्यांनी एक ठोका अडखळतो. तो राहू दिला.

कुडापलीकडे बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग प्रश्न आला, "किती?"

"अर्धा आटा. आत."

"पेट्रोल?"

मी बाटलीची हकिगत सांगितली. ते ऐकत होते की गाडी ऐकत होते, कळेना.

"कानस देवळीत आहे," ते म्हणाले. "जुनी रेघ खोडू नको. शेजारी पाड."

तशी पाडली. निघताना पेट्रोलची चावी बंद केली आणि वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत गाडी तशीच चालू ठेवली, म्हणजे आत काही साचायला नको. टाकीही रिकामी करून ठेवली आहे. चुलतभाऊ सध्या गिऱ्हाईक आणत नाही.